झाड तोडण्याचा खर्च आणि लाकडाचा सदुपयोग: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराच्या आवारातील झाड काढण्याची वेळ आली की बहुतेक जण तोडणीला किती पैसे लागतील एवढेच विचारतात. लाकडाचे काय करायचे हे झाड आडवे झाल्यावर सुचते, आणि तोपर्यंत तीन-तीन फुटांचे तुकडे गाडीत चढलेले असतात. शिरीष किंवा शिसम यांच्यासारखे लाकूड अशा रीतीने सरपणाच्या भावाने जाताना पाहून वाईट वाटते. म्हणून हे प्रश्नोत्तर झाडाला करवत लागण्यापूर्वी वाचले जावे, अशी इच्छा आहे.

झाड खरोखरच काढावे लागेल, हे कसे ठरवावे?

सर्वांत कमी खर्चाचा मार्ग बहुधा झाड ठेवण्याचाच असतो, त्यामुळे हा प्रश्न पहिला असला पाहिजे. फांद्या छतावर किंवा तारांवर येत असतील, तर योग्य छाटणीने काम भागते. गच्चीवर पडणारा पालापाचोळा हे झाड तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. बुंध्याशी कठीण, खुरासारख्या दिसणाऱ्या बुरशीच्या टोप्या उगवल्या असतील, खोडावर हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, झाडाचा कल अलीकडे वाढला असेल किंवा बुंध्यालगतची जमीन एका बाजूने फुगून फाटली असेल, तर मात्र धोका खरा आहे.

नागपुरात यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. सिमेंटचे रस्ते आणि गट्टूंचे पदपथ करताना अनेक झाडांची मुळे एका बाजूने तोडली गेली आणि काँक्रीट थेट खोडापर्यंत आणले गेले. वरून हिरवीगार दिसणारी अशी झाडे मे-जूनच्या वादळात मुळासकट उलटतात. आपल्या फाटकासमोर असे काम झाले असेल, तर पहिले पाऊल म्हणून बुंध्याभोवतीचे काँक्रीट निदान एक मीटर मोकळे करून घेण्याचा आग्रह धरावा.

वाळल्यासारखे दिसणारे प्रत्येक झाड मेलेले नसते. कडुनिंबाचे शेंडे तपकिरी पडून वाळतात आणि काही काळाने पुन्हा फुटतात. सागवान उन्हाळ्यात पूर्ण निष्पर्ण होतो. सालीवर नखाने ओरखडा काढून आतला थर हिरवा आहे का, हे आधी पाहावे.

परवानगी कोणाकडून घ्यावी लागते?

नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यानुसार महानगरपालिकेचे वृक्ष प्राधिकरण परवानगी देते, आणि झाड आपल्या खासगी प्लॉटवर असले तरीही ती घ्यावीच लागते. अर्ज उद्यान विभागाकडे जातो, अधिकारी जागेची पाहणी करतात, झाडावर नोटीस लावली जाते आणि नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. अजनी वनातील झाडे तोडण्याच्या प्रश्नावर नागपूरकर ज्या तळमळीने पुढे आले, ते लक्षात घेता हरकत येईल हे गृहीत धरूनच अर्जात कारण स्पष्ट लिहावे आणि झाडाची छायाचित्रे जोडावीत.

हा कायदा तोडणीपुरता मर्यादित नाही. झाड जाळणे किंवा अन्य प्रकारे त्याची हानी करणे हेही त्याच व्याख्येत बसते. सालीचे कडे काढून झाड ‘आपोआप’ वाळू देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये.

हद्दीबाहेर, म्हणजे हिंगणा, कामठी किंवा काटोलकडील शेतजमिनीवर, महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ पाहावा लागतो. त्याच्या अनुसूचीत सागवान, आंबा, मोह, चिंच, जांभूळ, खैर, बिजा, हळदू, ऐन अशा प्रजाती आहेत.

तोडणीचा खर्च नेमका कशाकशाचा असतो?

ठेकेदार सांगतो तो आकडा प्रामुख्याने मजुरीचा असतो. तो झाडाच्या जाडीपेक्षा जागेवर अधिक अवलंबून असतो. मोकळ्या मैदानातील झाड बुंध्याशी कापून पाडता येते. महाल किंवा इतवारीसारख्या दाट वस्तीत तेच झाड वरून एकेक फांदी दोराने बांधून उतरवावे लागते, त्यामुळे माणसे आणि वेळ दोन्ही कित्येक पटींनी वाढतात. विजेची तार जवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा लागतो. हायड्रा क्रेन गल्लीत शिरत नसेल तर ओंडके हातांनी ओढून काढावे लागतात. फांद्या भरून नेणे आणि बुंधा उपसणे ही कामे बहुतेक वेळा वेगळी धरली जातात, आणि नेमकी हीच भावात बोलायची राहून जातात.

या सर्वांवर एक मोठी बाब आहे, ती म्हणजे भरपाई वृक्षारोपण. २०२१ च्या सुधारणेनुसार तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी नवी झाडे लावावी लागतात, आणि ती रोपे किमान सहा फूट उंचीची असावी लागतात. याच सुधारणेने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. तीस वर्षांच्या एका कडुनिंबामागे तीस रोपे, त्यांसाठी जागा, खड्डे, कठडे आणि नागपूरच्या उन्हाळ्यातील पाणी, हा हिशेब मांडला की तोडणीची मजुरी हा लहान आकडा ठरतो. अर्जासोबत भरायची अनामत वेगळी. लाकडातून हा सगळा खर्च भरून निघेल, या आशेवर कोणी झाड तोडू नये. बहुतेक अंगणांतील झाडांचे लाकूड तेवढे देत नाही.

ठेकेदार म्हणतो, ‘लाकूड मला द्या, तोडणी फुकट’. हे मान्य करावे का?

कधी करावे, कधी करू नये. गुलमोहर, सुबाभूळ किंवा सोनमोहर असेल आणि जागा सोपी असेल, तर हा व्यवहार सहसा रास्त असतो. सागवान, शिसम, काळा शिरीष किंवा जाडजूड आंबा असेल, तर ‘फुकट’ या शब्दामागे आपल्या लाकडाची किंमत दडलेली असते.

त्यासाठी दोन भाव लेखी मागावेत. एक, लाकूड ठेकेदाराने न्यायचे असेल तर किती. आणि दुसरा, आपण सांगू त्या लांबीचे ओंडके जागेवर ठेवायचे असतील तर किती. या दोन भावांतील फरक म्हणजेच आपण आपले लाकूड किती रुपयांना विकत घेत आहोत, तो आकडा. तोडणीचा खर्च आणि लाकडाचा खर्च असे दोन हिशेब वेगळे मांडले की निर्णय सोपा होतो. एकत्र ठेवले तर दोन्हींत फसगत होण्याची शक्यता राहते.

कागदपत्रांची जबाबदारी मात्र अशा कोणत्याही सौद्याने ठेकेदाराकडे जात नाही. परवानगी नसताना झाड पडले, तर विचारणा जागेच्या मालकाकडेच होते. ‘परवानगीचे मी पाहून घेतो’ असे म्हणणाऱ्याकडून आदेशाची प्रत हाती आल्याशिवाय कामाला हात लावू देऊ नये.

ओंडक्यात किती लाकूड आहे, हे घरी कसे मोजावे?

लाकडाच्या व्यापारात घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि त्याला लांबीने गुणतात. घेर ५ फूट आणि लांबी ८ फूट असेल, तर चौथा भाग १.२५ फूट, त्याचा वर्ग सुमारे १.५६, आणि ८ ने गुणल्यावर १२.५ घनफूट. ओंडक्याचे प्रत्यक्ष आकारमान यापेक्षा जास्त, साधारण १६ घनफूट असते. साल आणि चिरकामातील घट या मोजणीच्या पद्धतीत काही प्रमाणात आधीच धरलेली आहे. ओंडका वाकडा किंवा गाठाळ असेल, तर प्रत्यक्ष आकारमानाच्या निम्म्याच फळ्या हाती येतील असे धरून चालावे, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही.

आता केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून काही आकडे घेऊ. ते बाजारभाव नव्हेत. समजा, लाकूड नेण्याच्या अटीवर ठेकेदार १२,००० रुपये मागतो आणि ओंडका ठेवून १८,००० मागतो. फरक झाला ६,०००. आरा मशीनपर्यंतच्या गाडीचे २,५०० आणि चिराईचे २,००० धरले, तर एकूण १०,५०० रुपयांत आपल्याला ८ घनफूट ओल्या फळ्या मिळाल्या, म्हणजे घनफुटाला साधारण १,३०० रुपये. त्याच जातीच्या चिरलेल्या लाकडाचा भाव लकडगंजच्या लाकूडबाजारात दोन-तीन ठिकाणी विचारावा. तेथे त्याहून स्वस्त आणि वाळलेले लाकूड मिळत असेल, तर केवळ पैशांच्या दृष्टीने ओंडका ठेवणे परवडत नाही. आजोबांनी लावलेल्या झाडाचा देव्हारा करायचा असेल, तर तो पैशांपलीकडचा विचार आहे आणि तो करायला काहीच हरकत नाही. मात्र त्यासाठी किती जास्त मोजतो आहोत, हे ठाऊक असावे.

कोणत्या झाडाचे लाकूड ठेवण्याजोगे असते?

नागपूरच्या वस्त्यांमध्ये सर्वाधिक प्रश्न कडुनिंबाबद्दल येतात, आणि कडुनिंबाला लोक फार कमी लेखतात. त्याचा आतला तांबूस गाभा टिकाऊ असतो आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. त्याचा तंतू आडवातिडवा गुंतलेला असल्यामुळे रंधा मारताना ढलप्या उडतात आणि सुतार कुरकुर करतात, ही गोष्ट खरी आहे. पण कपाटाच्या फळ्या, कोठ्या आणि साध्या चौकटी यांसाठी ते चांगले लाकूड आहे.

शिसम आणि काळा शिरीष यांचा गाभा फर्निचरसाठी उत्तम असतो. वर्षावृक्ष, ज्याला अनेक जण नुसता शिरीषच म्हणतात, त्याचा बुंधा प्रचंड वाढतो, त्यामुळे टेबलासाठी अखंड रुंद फळी त्यातून मिळू शकते. बाभूळ जड, चिवट आणि कठीण असते. विदर्भातील बंडीची चाके आणि वखर-तिफणीचे भाग पिढ्यान्‌पिढ्या तिच्यापासूनच झाले. जांभळाचे लाकूड पाण्यात टिकते. चिंचेचा गाभा उखळ, मुसळ आणि खाटीकखान्यातील ठोकळे यांच्या कामी येतो.

आंब्याचे लाकूड उपयोगी आहे, पण नाजूक आहे. पावसाळ्यात तोडून दोन आठवडे पडू दिले, तर त्यावर निळसर-करड्या बुरशीचे पट्टे उमटतात आणि भुंगा शिरतो. ते तोडल्याबरोबर चिरावे लागते.

गुलमोहर ठिसूळ असतो, उंच सरळ वाढणारा खोटा अशोक हलका व मऊ असतो. निलगिरी वाळताना पिळवटते. यांच्या फळ्यांवर पैसे घालू नयेत. सुबाभूळ कागदाच्या लगद्यासाठी आणि सरपणासाठी ठीक.

आमच्या अंगणात सागवान आहे. त्याचे बरेच पैसे येतील ना?

सागवानाबद्दल विदर्भात मोठा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. बल्लारपूर आणि आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती देशभर आहे, आणि अयोध्येच्या मंदिरासाठीही २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून सागवान गेले. परंतु ते जंगलातील जुने, सावकाश वाढलेले लाकूड होते. अंगणात नळाच्या पाण्यावर पंधरा-वीस वर्षांत वाढलेल्या सागवानात बाहेरचा पांढरट थर जाड आणि सोनेरी-तपकिरी गाभा लहान असतो. वाळवीला दाद न देण्याचा गुण गाभ्यात असतो, पांढऱ्या थरात नसतो. बुंधा कापल्यावर त्या वर्तुळात गडद भाग किती आहे, हे स्वतः पट्टी लावून पाहावे. किंमत त्यावरच ठरते.

जागा नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या जमिनीच्या, भाडेपट्ट्याची असेल, तर पट्ट्यातील झाडांविषयीच्या अटी आधी वाचाव्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ नुसार जमीनधारकाचा आपल्या जमिनीतील झाडांवर हक्क असतो. मात्र शासनाने राखून ठेवलेली झाडे त्याला अपवाद आहेत.

तोडणीपूर्वी ठेकेदाराला काय सांगून ठेवावे?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे. लाकडाचे मोल त्याच्या जातीइतकेच त्याच्या लांबीवर ठरते. चढवायला सोपे म्हणून मजूर ओंडके अडीच-तीन फुटांचे करतात आणि तेवढ्या लांबीत शिसमसुद्धा जळाऊच ठरते. दाराच्या चौकटीसाठी सात फूट लांबी लागते, पलंगासाठी साडेसहा. वाळताना टोके चिरतात आणि ती कापून टाकावी लागतात, म्हणून ओंडका गरजेपेक्षा निदान सहा ते बारा इंच जास्त लांब ठेवावा.

काम सुरू होण्यापूर्वी घरातील एक जाणता माणूस, शक्य असल्यास सुताराला सोबत घेऊन, झाडाखाली उभा राहावा आणि कोणता भाग कोठे कापायचा याच्या खुणा खडूने कराव्यात. जाड फांद्यांचे वळण कोनाड्याच्या कमानीला किंवा बाकाच्या पायाला शोभेल का, हे सुताराच्या नजरेला दिसते, आपल्या नाही. ओंडके जमिनीवर थेट आपटू नयेत, कारण आतून पडलेली तड चिरताना कळते आणि तोवर उशीर झालेला असतो. फांद्यांमध्ये घरटी, अंडी किंवा पिल्ले आहेत का, हे त्याच वेळी पाहावे. पक्ष्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, आणि असल्यास काम पुढे ढकलणेच योग्य.

आरा मशीनवाले शहरातील झाड चिरायला का कां-कूं करतात?

खिळ्यांमुळे. रस्त्याकडेच्या आणि फाटकाजवळच्या झाडांत जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे, गणेशोत्सवातील रोषणाईच्या तारा, कपडे वाळत घालण्याच्या दोरीचे हूक वर्षानुवर्षे रुतत जातात. झाड त्यांच्यावर नवे लाकूड चढवते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. धावत्या पट्टीच्या करवतीला असा एक खिळा लागला, तर दात झडतात, आणि पट्टी तुटून माणसाला इजा होण्याचा धोकाही असतो.

अनुभवी मिस्त्री ओंडक्याचे कापलेले तोंड ओले करून पाहतो. बाभूळ किंवा जांभूळ यांसारख्या तुरट लाकडात लोखंड असेल, तर तंतूच्या दिशेने निळा-काळा डाग पसरलेला असतो, शाई सांडल्यासारखा. तो दिसला की खिळा त्याच रेषेत कोठेतरी आहे, हे समजावे. बाजारात मिळणारा हातातील धातुशोधक संपूर्ण ओंडक्यावरून फिरवून घेतला तर मिस्त्रीचा विश्वास बसतो. जमिनीपासून पहिल्या सहा-सात फुटांत, म्हणजे माणसाचा हात पोहोचतो तेथवर, धातू सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. पट्टी तुटल्यास भरपाई कोण देणार, हे चिराईपूर्वीच बोलून घ्यावे.

लाकूड नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो का?

प्रजातीवर अवलंबून आहे. सुबाभूळ व निलगिरी यांसारख्या लागवडीच्या काही प्रजातींना सूट आहे. सागवान, शिसम, खैर आणि चंदन यांना ती नाही. झाड महानगरपालिकेच्या परवानगीने तोडले असले, तरी वाहतुकीचा परवाना ही वन विभागाची वेगळी बाब आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वन विभागाचे राज्य मुख्यालय नागपुरातच असले, तरी अर्ज आपल्या भागातील वन परिक्षेत्र कार्यालयाकडेच करायचा असतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली सुरू केली असून तिच्यामार्फत ऑनलाइन अर्जाची सोय झाली आहे. तोडणीच्या आदेशाची प्रत आणि जागेच्या मालकीची कागदपत्रे गाडीसोबत ठेवावीत; परवानाधारक आरा मशीनवरही तीच विचारली जातात.

फळ्या कशा वाळवाव्यात? नागपूरच्या उन्हात तर लवकर वाळतील ना?

लवकर वाळणे हाच नागपुरातील धोका आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा अत्यंत कोरडी असते. लाकडाचा बाहेरचा थर आणि टोके भराभर आकसतात, आतला भाग ओलाच राहतो, आणि या ओढाताणीत लाकूड फाटते. मे महिन्यात उघड्यावर टाकलेल्या ओंडक्याचे तोंड पाहावे: गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या चिरा काही दिवसांतच इतक्या रुंदावतात की त्यांत बोट जाते. म्हणून ओंडका कापल्याबरोबर, त्याच संध्याकाळी, दोन्ही टोकांना घरात उरलेल्या ऑइल पेंटचे दोन जाड हात द्यावेत. मेणही चालते. ज्या फळ्यांची किंमत हजारांत जाते त्या वाचवणारा हा खर्च काहीशे रुपयांचा आहे, आणि तरी बहुतेक जण तो टाळतात.

चिरलेल्या फळ्या जमिनीपासून फूटभर उंच, सपाट आधारावर रचाव्यात. दोन फळ्यांच्या मध्ये दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या ठेवाव्यात, आणि सर्व थरांतील पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत याव्यात. त्या पुढेमागे झाल्या तर फळ्या लाटेसारख्या वाकतात. वर जड दगड ठेवावेत. जागा सावलीची आणि वारा खेळता राहील अशी असावी. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलेले लाकूड वाळत नाही, कुजते. उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूला गोणपाट टांगल्यास झळ थेट लागत नाही.

कालावधीचा ढोबळ अंदाज जाडीच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष असा सांगितला जातो. नागपुरात एक इंची फळी पावसाळा संपल्यावर रचली, तर पुढचा उन्हाळा संपेपर्यंत सहसा वापरण्याजोगी होते. तीन इंची चौकटीचे लाकूड मात्र दोन पावसाळे पाहूनच घ्यावे. खात्री करण्यासाठी सुताराकडील आर्द्रतामापक वापरावा आणि घरातील फर्निचरसाठी १० ते १२ टक्क्यांच्या आसपास आकडा आल्यावर काम सुरू करावे. भर उन्हाळ्यात घट्ट बसवलेले दार पावसाळ्यात अडकते, कारण वाळलेले लाकूडही हवेतील ओल घेऊन फुगते. सुताराला महिना लक्षात घेऊन फट सोडायला सांगावे.

या सर्वांसाठी जागा लागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी किंवा वर्षभर वाट पाहणे शक्य नसणाऱ्यांनी ओंडका लगेच विकावा आणि त्या पैशांत वाळलेले लाकूड घ्यावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

वाळवी आणि भुंगा लागू नये म्हणून काय करावे?

साल ताबडतोब सोलून काढावी, कारण अनेक भुंग्यांची अंडी सालीखाली असतात. पांढरा थर जास्त असलेल्या फळ्या, विशेषतः आंब्याच्या, ओल्या असतानाच टाकणखार आणि बोरिक पावडर यांच्या द्रावणात बुडवून किंवा ब्रशने भिजवून घ्याव्यात. ओल्या लाकडात हे क्षार आत मुरतात. ते पाण्याने धुऊन जातात, म्हणून असे लाकूड पावसात उघडे राहील अशा कामाला वापरू नये. फळीखाली पिठासारखा भुसा दिसू लागला, तर ती फळी इतरांपासून वेगळी करावी.

फर्निचर होण्याजोगे लाकूड नाही. मग त्याचे काय करावे?

नागपुरात तान्हा पोळ्याला लाकडी बैल लागतात, आणि ते घडवणाऱ्या कारागिरांना लहान, जाड, न फाटलेले तुकडे हवे असतात. दोन-अडीच फुटांचे, गाठी नसलेले ओंडके अशा कारागिराला विचारून द्यावेत. पाट, चौरंग, पोळपाट, मुसळ आणि विळा-कुऱ्हाडीचे दांडे यांसाठीही लहान लांबी चालते. पोळपाटासाठी मात्र बिनवासाचे लाकूड घ्यावे, कडुनिंब नको.

दहनघाटांना लाकूड सतत लागते. पारंपरिक पद्धतीच्या एका अंत्यसंस्कारात साधारण ३०० किलो लाकूड लागते, आणि ते जाड व वाळलेले असावे लागते. ओले लाकूड देऊ करण्यापूर्वी संबंधित घाटावर विचारणा करावी. वस्तीतील टालवाले जळाऊ लाकूड वजनावर घेतात. ताज्या लाकडाच्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे त्यांचा भाव कमी असणे स्वाभाविक आहे.

बारीक फांद्यांचा यंत्राने भुगा करून घेता आला, तर तो झाडांच्या आळ्यात तीन-चार इंचांचा थर देऊन पसरावा, फक्त खोडाला चिकटू देऊ नये. उन्हाळ्यात जमिनीतील ओल टिकवण्यासाठी हे आच्छादन फार उपयोगी पडते. काटोल-नरखेडकडील संत्रा बागायतदार ओळखीचे असतील, तर ते आनंदाने नेतील. भरपाईची जी रोपे लावायची आहेत, त्यांच्यासाठी याच झाडाचे आच्छादन वापरले, तर पाण्याचा आणि टँकरचा खर्चही कमी होतो.

पालापाचोळा आणि फांद्या मोकळ्या प्लॉटवर जाळल्या तर चालते का?

नाही. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार बागेतील कचरा वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे द्यायचा असतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये दंड ठरवला. शिवाय सुक्या फांद्या मिसळ कचऱ्यातून भांडेवाडीच्या कचरा डेपोत गेल्या, तर उन्हाळ्यात तेथे लागणाऱ्या आगींना त्या खाद्यच पुरवतात. झोन कार्यालयाकडे स्वतंत्र गाडीची मागणी नोंदवावी.

वादळात रस्त्यावरचे झाड आमच्या भिंतीवर पडले. लाकूड कोणाचे?

सार्वजनिक जागेतील झाड महानगरपालिकेचे असते आणि त्याचे लाकूडही तिचेच, भिंत आपली पडली असली तरी. अग्निशमन विभाग रस्ता मोकळा करण्यासाठी येतो. ओंडके व्यवस्थित लांबीत कापणे हे त्या घाईच्या वेळी त्यांचे काम नव्हे. लाकूड उचलण्यापूर्वी पंचनामा आणि छायाचित्रे करून घ्यावीत, कारण विम्याच्या दाव्यासाठी तीच उपयोगी पडतात. झाड आपल्या आवारातील असेल आणि पडले असेल, तरीही उद्यान विभागाला कळवून नोंद करून घ्यावी, म्हणजे पुढे ते विनापरवाना तोडल्याचा आळ येत नाही.

पडलेल्या झाडावर चढून कोणी फांद्या कापू नयेत. दबलेली फांदी ताण सुटताच उसळते आणि जीवघेणी ठरते. हे काम शिकलेल्या माणसांनाच द्यावे, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील.

आवारात चंदनाचे झाड आपोआप उगवले आहे. ते विकता येईल का?

परस्पर मुळीच नाही. चंदनाची तोड आणि वाहतूक वन विभागाच्या परवानगीशिवाय होत नाही. झाडाची नोंद करून ठेवणे आणि त्याची चर्चा टाळणे बरे, कारण बंगल्यांच्या आवारातून रात्रीतून चंदन कापून नेण्याचे प्रकार शहरात घडलेले आहेत. चोरी झाल्यास त्याच दिवशी पोलीस आणि वन विभाग दोघांनाही लेखी कळवावे.

बुंधा उपसावा की तसाच ठेवावा?

त्या जागी बांधकाम होणार नसेल, तर तसाच ठेवावा. बुंधा खणून काढणे हे मेहनतीचे आणि महागडे काम आहे, आणि भिंतीलगत खणल्यास पाया उघडा पडतो. बुंधा जमिनीच्या बरोबरीने कापून त्यावर माती आणि शेणखत टाकले, तर काही वर्षांत तो कुजून जातो. कडुनिंब, सुबाभूळ आणि शिसम यांना बुंध्यातून किंवा मुळांतून फुटवे येतात. त्यांतील एक सरळ, जोमदार फुटवा राखून बाकीचे काढले, तर जुन्या मुळांच्या बळावर तो रोपवाटिकेतील रोपापेक्षा झपाट्याने वाढतो. मूळ झाड धोकादायक जागी होते म्हणून तोडले असेल, तर मात्र फुटवे काढत राहावे आणि नवे झाड भिंतीपासून व तारांपासून दूर, निदान दहा-बारा फूट अंतर सोडून लावावे. त्याचा खड्डा मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावा आणि रोप पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावावे.